बार्जवरून येणारी वीज

(दृश्य: गोठलेला बेरिंग समुद्र, लाल रंगाचं बर्फफोडं जहाज, मागे टँकर)

जानेवारी २०१२. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नोम हे गाव. नोव्हेंबरच्या वादळामुळे हिवाळ्याआधीची इंधनाची शेवटची खेप इथे पोचलीच नाही, आणि पाठोपाठ समुद्र गोठला. शेवटी अमेरिकी तटरक्षक दलाचं ‘हीली’ जहाज बर्फ फोडत पुढे निघालं आणि त्याच्या मागून ‘रेंडा’ हा रशियन टँकर आला, सुमारे ४९ लाख लिटर इंधन घेऊन. बर्फावर नळ्या अंथरून ते इंधन किनाऱ्यावर घेतलं.

नोमची बातमी जगभर गेली. बाकीच्या गावांची काळजी बातमीत येत नाही, पण ती दर वर्षीची आहे.

(दृश्य: विमानातून दिसणारं गाव, कडेला डिझेलच्या टाक्या)

अँकरेज आणि फेअरबँक्स एका वीजजाळ्याने जोडलेले आहेत. पश्चिम आणि उत्तर अलास्कातल्या बहुतेक गावांपर्यंत ना रस्ता जातो, ना विजेच्या तारा. गावाचं स्वतःचं छोटं वीजघर असतं, त्यात डिझेलवर चालणारे जनरेटर. बर्फ वितळून पाणी मोकळं झालं, की बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजावरून, डिझेल येतं आणि टाक्या भरल्या जातात. त्या दिवसांत जो भाव असेल, तोच पुढचे कित्येक महिने गावाच्या माथी. नोआटाक गावाला तर नदी उथळ झाल्याने डिझेल विमानाने न्यावं लागतं. म्हणून अनुदान धरलं नाही, तर एका युनिटला कुठे अर्धा डॉलर पडतो, कुठे डॉलरच्या आसपास.

(दृश्य: घराच्या ओसरीतला मोठा फ्रीझर)

मग घरात वीज कशाला लागते? घर तापवायला बहुतेक ठिकाणी वेगळं तेल जाळतात, त्याचा खर्च निराळा. विजेवर चालतो हा फ्रीझर. उन्हाळ्यात पकडलेला सामन मासा, शिकार केलेलं कॅरिबू हरीण, वेचून आणलेली बेरी, सगळं यात. दुकानातलं मांस परवडत नाही, म्हणून हा बंद ठेवता येत नाही. पाण्याची नळी गोठू नये म्हणून तिच्यावर गुंडाळलेली तापणारी वायर असते, तीही थंडीत बंद करून चालत नाही. वीज जपून वापरा, असं या घरांना कुणी कशाच्या जोरावर सांगावं?

१९८४ पासून राज्य सरकार या गावांना वीजखर्चात मदत देतं. मोठ्या शहरांच्या सरासरी दराच्या वर जाणाऱ्या मान्य खर्चाचा ९५ टक्के भाग, एका कमाल मर्यादेपर्यंत, सरकार उचलतं. घरासाठी महिन्याला ५०० युनिटची मर्यादा होती, ती २०२२ मध्ये ७५० झाली. ही योजना नसती तर कित्येक घरं रिकामी झाली असती, असं आम्हाला वाटतं. २०२१ मध्ये तिचा निधी काढून घेण्याचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने तो वाचवला.

शाळा आणि दुकान मात्र या मदतीत बसत नाहीत. दुकानाचं बिल शेवटी दुधापिठाच्या किमतीत येतं, आणि ते भरतात हीच माणसं.

(दृश्य: कॉट्झब्यूच्या पवनचक्क्या)

आर्क्टिक वृत्ताच्या वर असलेल्या कॉट्झब्यूने १९९७ मध्ये पवनचक्क्या उभारल्या. त्याने डिझेल वाचतं. पण अनुदानाचा हिशेबच असा आहे, की युनिट १० सेंटनी स्वस्त झालं तर मदतही साडेनऊ सेंटनी घटते. घरच्या बिलात उतरतो अर्धा सेंट. गावाने मेहनत घ्यायची आणि बचत बहुतेक सरकारी खात्यात जायची, हे बरोबर नाही.

कोबुक नदीकाठच्या शंग्नाक आणि कोबुक या गावांनी यातून वाट काढली. तिथल्या आदिवासी परिषदांनी सौर पॅनल आणि बॅटरी स्वतःच्या मालकीची ठेवली. त्या विजेचे पैसे वीज सहकारी संस्था त्यांना देते, म्हणजे डिझेलवर जाणाऱ्या पैशातला काही भाग गावातच राहतो. उन्हाळ्यात तर काही तास जनरेटर पूर्ण बंद असतात. इतर गावांना पैसे देताना सरकारने ही मालकी आधी विचारात घ्यावी.

हिवाळ्यात मात्र पॅनलचा उपयोग फारसा नाही. तेव्हा वारा हवा, आणि पवनचक्की उभी करणारी क्रेन गावात आणायची तर तीही बार्जवरूनच, समुद्र मोकळा असेल त्या दिवसांत.