स्वस्तात झालं म्हणून टाळ्या नकोत

नमस्कार. रविवार, त्यात मेगाब्लॉक, तरी एवढी मंडळी आलात, फार बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय 'संशोधनाचा पैसा आणि लोकांपर्यंत विज्ञान', त्यावर मी बोलणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट कित्येक वर्षं डोक्यात घोळतेय ती सांगून टाकतो, कारण ती बोलल्याशिवाय पुढचं काही नीट बसत नाही.

आपण आपल्या विज्ञानाचं कौतुक करतो ते स्वस्ताईवरून. मंगळयान घ्या. 24 सप्टेंबर 2014 ला ते मंगळाच्या कक्षेत गेलं, पहिल्याच प्रयत्नात, केवढी मोठी गोष्ट! पण शाळांमधून बोलायला जातो तेव्हा मुलांना, शिक्षकांना, पालकांना पाठ काय असतं, तर साडेचारशे कोटी आणि किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. अहमदाबादच्या रिक्षाचं ते उदाहरण तेव्हा पंतप्रधानांनी दिलं होतं आणि लोकांना ते पटकन कळलं, हे मी मान्य करतो. पण त्या यानावर मिथेन शोधायचा सेन्सर होता, रंगीत कॅमेरा होता, त्यातून काय दिसलं हे मला आजवर क्वचितच कोणी विचारलंय. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा पुन्हा तेच, 615 कोटी, बघा किती कमी!

आता मंगळयान स्वस्त पडलं ते का? पीएसएलव्ही रॉकेट 1994 पासून यशस्वी उडत होतं. बंगळुरूजवळ ब्यालाळूला 32 मीटरची अँटेना चांद्रयान-1 साठी आधीच उभी होती, यानाचा सांगाडाही आधीच्या कामातून तयार मिळाला. म्हणजे वीस मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्याचा खर्च सांगायचा आणि म्हणायचं, बघा केवढ्याशात टॉवर झाला! खालचे एकोणीस मजले कोणी बांधले, किती वर्षं पैसे भरले, ते बोलायचंच नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन. दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकायला मिळतंच, दोनशे-तीनशे रुपयांच्या उपकरणावर नोबेल मिळवलं! पोरांना सांगायला छान गोष्ट आहे. पण ते उपकरण ज्या खोलीत होतं ती खोली कुठून आली? तर त्यासाठी पार 1869 मध्ये जायला लागतं. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार म्हणून होते, विद्यापीठाचे एमडी, पुढे होमिओपॅथीकडे वळले आणि त्यापायी डॉक्टरमंडळींचा भरपूर राग ओढवून घेतला, रामकृष्ण परमहंसांवर शेवटच्या आजारात उपचार करणारे ते हेच. तर या माणसाने लेख लिहिला की भारतीयांनी स्वतः विज्ञान करावं अशी राष्ट्रीय संस्था हवी, आणि नुसता लेख लिहून थांबला नाही, वर्गणी मागत हिंडला. पाच-सहा वर्षं! 1876 च्या जुलैमध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स सुरू झाली. जमीनदारांनी दिलं, संस्थानिकांनी दिलं, विजयनगरमच्या महाराजांनी प्रयोगशाळा बांधायला पैसे दिले. आणि तिथे सुरुवातीची कित्येक वर्षं मुख्य काम काय चालायचं सांगू? संध्याकाळची व्याख्यानं! प्रयोग दाखवून, लोकांसमोर, आपण आत्ता बसलोय अगदी तशी. ज्यांनी पैसे दिले त्यांना आणि त्यांच्या मुलांना विज्ञान समोर दाखवायचं. लोकांपर्यंत विज्ञान नेणं, आज आपण ज्याला आउटरीच म्हणतो आणि बजेटमध्ये शेवटच्या ओळीत टाकतो ते तिथे पहिल्या दिवसापासून होतं, पैसा आणि व्याख्यान एकाच हाताने चाललेलं.

बरं, डॉक्टरसाहेबांना यश दिसलं का? नाही. पूर्णवेळ प्राध्यापक नेमायचं त्यांचं स्वप्न होतं, तेवढा पैसा काही जमला नाही, 1904 मध्ये ते गेले ते निराश होऊनच गेले. संस्था उरली, उपकरणं कपाटात. आणि मग 1907 मध्ये सरकारी हिशेब खात्यात नोकरीला आलेला एक तरुण, ट्राममधून त्याला बोबाजार स्ट्रीटवर ती पाटी दिसली असं सांगतात, तो आत गेला आणि संस्थेतल्या आशुतोष डे यांनी दार उघडलं. तो तरुण म्हणजे रामन. मग कित्येक वर्षं रामन ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर तिथे काम करायचे, 1917 ला तारकनाथ पालितांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अध्यासनावर प्राध्यापक झाले तेव्हा कुठे सरकारी नोकरी सुटली. प्रकाशाच्या विखुरण्याचा 1928 चा शोध, ज्याला नोबेल मिळालं तो, सोबत सहकारी के. एस. कृष्णन, सूर्यप्रकाश एकवटायला संस्थेची दुर्बीण. आता मला सांगा, दोनशे रुपये कुठे आणि 1876 पासूनची बावन्न वर्षं कुठे? ती बावन्न वर्षं ज्यांनी दिवे चालू ठेवले, भाडं-पगार भरले, कपाटं पुसली, त्यांच्यामुळे रामन यांना उघडं दार मिळालं. दोनशे रुपयांची गोष्ट सांगणारा माणूस नकळत मुलांना शिकवतो की संशोधनाला पैसे लागत नाहीत, हुशारी लागते. आणि तीच मुलं मोठी होऊन फायलीवर सही करणारी होतात. याचा मला खरंच त्रास होतो.

आपल्या मुंबईतही असंच आहे. होमी भाभांनी 12 मार्च 1944 ला दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, अणुशक्तीचं पुढे काही होईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत म्हणून इथेच संस्था हवी, हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी हं! ती संस्था म्हणजे टीआयएफआर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, 1945 मध्ये सुरू झाली, मुंबईत आली ती पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात, मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात, आणि कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन थेट 1962 च्या जानेवारीत. ट्रस्टचे पैसे, त्या वेळच्या मुंबई सरकारचे पैसे आणि भारत सरकारचे पैसे, तिघांनी मिळून. राज्य सरकारही त्यात होतं हे लक्षात ठेवा, शेवटी त्यावर येतो.

एक जवळची गोष्ट सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा, गोवंडीला तिघांत खोली घेऊन राहायचा, पीएचडी करतोय, फेलोशिप मंजूर, आकडाही चांगला, ज्युनियर फेलोची रक्कम 2023 पासून महिना 37 हजार झालीय. पण ती खात्यात येईना. महिनोन् महिने. कारण काय तर आधीच्या वर्षाचं खर्चाचं प्रमाणपत्र कुठल्या तरी टेबलावर अडकलेलं. त्या पोराने काय केलं असेल? दहावीच्या ट्यूशन घेतल्या. त्याचा प्रयोग रात्रभर चालवायचा असायचा, तो संध्याकाळी सहाला बंद करून हा चेंबूरला बीजगणित शिकवायला जायचा. एवढं महागडं यंत्र बंद, का तर ते चालवणाऱ्याचा पगार नाही. घरच्यांना सांगायची सोय नाही, ते म्हणणार, सरकारी स्कॉलरशिप ना तुझी, मग पैसे कसे मागतोस? मंगळयानाच्या रुपये-किलोमीटरमध्ये हा मुलगा कुठेच बसत नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं, मग पटपट घेतो.

आकडा एकच लक्षात ठेवा. 2020-21 मध्ये आपला देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करत होता, दोन टक्क्यांचं उद्दिष्ट आपण कित्येक वर्षं बोलतोय. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. त्या 0.64 मध्येही खासगी कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाहून जरा जास्त, बाकी बहुतेक सरकारी. 2023 च्या कायद्याने संशोधनाला पैसे देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत 50 हजार कोटी, त्यातले सुमारे 36 हजार कोटी सरकारबाहेरून, उद्योग-देणग्यांतून यावेत अशी कल्पना. महेंद्रलाल सरकारांसारखं हिंडायला लागणार आहे मग! आणि हिंडताना 'आम्ही स्वस्तात करतो' म्हणून कोण पैसे देईल? कशाला लागतात ते सांगायला लागेल, पगाराला, सुट्या भागांना, दर महिन्याला वेळेवर.

आणि हे सांगायचं पैसे मंजूर व्हायच्या आधीपासून. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा होणार होती, न्यूट्रिनो म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, 2015 च्या जानेवारीत 1,500 कोटींना मंजुरी मिळाली. शास्त्र पक्कं होतं, 1965 मध्ये कोलारच्या खाणीत टीआयएफआरच्या लोकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो टिपलेले, ती परंपरा पुढे न्यायची होती. पण गावकऱ्यांना डोंगराची भीती, पाण्याची भीती, किरणोत्साराची भीती, पुढे राज्य सरकारही विरोधात गेलं आणि प्रकल्प अडकला. शास्त्रज्ञ गावात जाऊन बोलले नाहीत असं नाही, बोलले, पण भीती आधी पोचली होती. उलट आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदला बघा. जीएमआरटी म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महादुर्बीण, तिच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतांमधून पसरल्यात, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी दोर आणि जाळी ताणून केलेली रचना, लांब लहरींना तेवढं पुरतं. तिथे विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांची पोरं स्वतःचे प्रयोग घेऊन येतात, हजारोंनी लोक येतात. शेजाऱ्यांना माहितीय की इथे काय चालतं.

आता पाळी हिंगोलीची. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी मंजूर, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. तिथल्या झेडपीच्या शाळेत गुरुत्वीय लहरी मराठीतून कोण सांगणार, आणि त्यासाठी प्रकल्पातच पैसे आणि माणूस ठेवलाय का, हे आपण विचारायला हवं. आपल्याकडे सांगणाऱ्यांची कमी नाही. नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर देतो, खाली सही मिळेलच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला आहे, पण 1974 मध्ये सुरू झालं ते नाना चौकातल्या पालिकेच्या शाळेत. आणि राज्य सरकार, जे मघाशी म्हटलं, 1945 ला मुंबई सरकार पैसे देत होतं, आज देशातल्या सगळ्या राज्यांचा मिळून संशोधन खर्चातला वाटा सात टक्क्यांच्या आत आहे. आमदार मतं मागायला येतील तेव्हा गटारांबरोबर हेही विचारा, महाराष्ट्र किती देतो?

संपलंच. फक्त खोडदचं विचारलंय बऱ्याच जणांनी, म्हणून सांगतो, 28 फेब्रुवारीच्या सुमाराला जा, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावपर्यंत एसटी आहे, पुढे पूर्वेला खोडद. मुलांना न्या, आणि तिथल्या इंजिनियरला किंमत विचारू नका, तबकडी वाऱ्यात कशी टिकते ते विचारा, तो तासभर सोडणार नाही तुम्हाला.