मिशिगन सेंट्रल: पाडायला निघालेली इमारत

शनिवारची सकाळ, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं ईस्टर्न मार्केट. भाज्या, फुलांची रोपं, पाय ठेवायला जागा नाही. शहर मोडकळीला आलंय असं ऐकून आलेला पाहुणा इथे बुचकळ्यात पडतो. जरा पुढे गेलं की मात्र रिकामे प्लॉट लागतात. एक घर, मग गवत, पुन्हा गवत, मग एखादं घर.

1950 साली इथे साडेअठरा लाख माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत सहा लाख चाळीस हजारही भरली नाहीत. मोटारींचे कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, करांचं उत्पन्न आटलं, आणि 2013 मध्ये सुमारे 1,800 कोटी डॉलरच्या देण्यापायी शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता ही इमारत बघा. मिशिगन सेंट्रल स्टेशन, 1913. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलचे वास्तुविशारद, तेच इथले. 5 जानेवारी 1988 ला शेवटची गाडी सुटली. पुढची तीस वर्षं ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचकटून नेलं. तळघरात पाणी साचलं. 2009 मध्ये नगरपरिषदेनं स्टेशन पाडायचा ठरावसुद्धा केला. तो अंमलात आला नाही, हे नशीबच म्हणायचं.

2018 मध्ये फोर्ड मोटार कंपनीनं इमारत घेतली. आधी पाणी उपसलं, भिंती सुकू दिल्या. मग वेळ आली या छताची. वर नीट बघा. ग्वास्ताविनो पद्धतीच्या या कमानी पातळ भाजक्या फरशांच्या आहेत. अशा 29 हजार. त्यातल्या बदलाव्या लागल्या जेमतेम 1,300. म्हणजे गळक्या छपराखाली इतकी वर्षं काढूनही काम टिकलं होतं. बाहेरचा चुनखडीचा दगड इंडियानातल्या मूळच्याच खाणीतून आला. बंद पडलेली ती खाण त्यासाठी पुन्हा उघडली.

आणि हे घड्याळ. चोरीला गेलेलं. फोर्डनं स्टेशन घेतल्यावर एका अनोळखी माणसाचा फोन आला: अमुक जळक्या इमारतीला टेकवून ठेवलंय, घेऊन जा.

(इथे निवेदन थांबतं. फक्त हॉलमधला आवाज.)

6 जून 2024 ला दारं उघडली. ओसाड काळात लोकांनी भिंतींवर काढलेली काही चित्रं-अक्षरं (ग्राफिटी) मुद्दाम तशीच ठेवली आहेत, ते बरंच केलं. शेजारच्या कॉर्कटाउनमध्ये घरांच्या किमती चढल्या आहेत. प्रवासी गाड्या अजून इथे थांबत नाहीत. त्यांचं स्टेशन शहराच्या दुसऱ्याच भागात आहे.