कास आणि लंगोटी

नमस्कार मंडळी.

आषाढीच्या पुस्तिकेसाठी अभंग निवडताना आपल्या समितीत एका शब्दावर बराच वाद झाला. ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ या अभंगात ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ असं आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलं. तुकोबांचा शब्द ‘गांडीची’ आहे. पु. मं. लाडांनी संपादित केलेली गाथा १९५०च्या दशकात सरकारने छापली, तिच्यात तो तसाच आहे.

अर्थ तोच, मग बदलला तर बिघडलं काय? ‘सुंदर ते ध्यान’ आठवा. ‘तुळसीहार गळा कासे पितांबर’ हेही तुकोबांचंच. म्हणजे कास हा शब्द त्यांच्या ओठांवर होता. विठोबाच्या पितांबराला त्यांनी तो दिला, आपल्या लंगोटीला नाही. अंगावरचं शेवटचं फडकं काढून देईन म्हणणारा हा माणूस. दुष्काळात त्याचं द्रव्य आटलं, एक बायको ‘अन्न अन्न’ करत गेली. त्याची भाषा आपण कशाला धुऊन काढायची?

समितीतल्या एका ताईंनी विचारलं, मग जातीवरून हिणवणाऱ्या जुन्या म्हणीही मुलांना शिकवायच्या का? रास्त प्रश्न आहे. त्या म्हणी मी कुणाच्या तोंडी घालणार नाही. कोशातून मात्र खोडू देणार नाही. आपण कुणाला काय बोलत होतो, याचा तो पुरावा आहे. आणि चोखोबांचं काय करणार? ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार’ म्हणत ते पुढे सांगतात, तुमच्या उष्ट्यासाठी आलो. जातीचं नाव गाळलं, तर उष्टं कुणी कुणाच्या पदरात टाकलं तेच दिसेनासं होतं. ज्याने सोसलं त्याची साक्ष आपल्या संकोचापायी पुसायची, हे मला मान्य नाही.

म्हणून विनंती, पुस्तिकेत मूळ पाठ छापूया आणि खाली दोन ओळींची टीप देऊया. कुणाला म्हणताना जड गेलं तर त्यांनी खुशाल ‘कासेची’ म्हणावं, कागदावर मात्र तुकोबांचाच शब्द राहू दे. रविवारच्या मराठी शाळेत हा अभंग मी स्वतः शिकवीन, पालकांनीही बसावं.

गाथा सोबत आणली आहे. जेवणानंतर मागच्या टेबलावर ठेवतो, ज्यांना ओळ पडताळायची असेल त्यांनी जरूर पाहावी.