आजीचा दगड आणि अर्धं लिंबू

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर पारा ४५ वर गेलाय, तुमच्या घरी कूलर घरघरतोय, आणि मी बोलणार आहे समुद्रातल्या प्रवाळांबद्दल. नागपुरातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच. पण माझी आणि प्रवाळाची ओळख इथेच झाली, महाल भागातल्या आमच्या वाड्यात, आणि तीही कूलरपायी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्रवाळ दगड नाही, झाडही नाही. तो प्राणी आहे. पुन्हा सांगते, प्राणी.

तर, आजीने रामेश्वरच्या यात्रेहून नारळाएवढा एक पांढरा दगड आणला होता. तेव्हा ते चालायचं. २००१ पासून असे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. तेव्हा आता कुणी आणायला जाऊ नका. आजीच्या लेखी तो रामाच्या सेतूचा तुकडा होता आणि देव्हाऱ्याशेजारी त्याचा पाट होता.

मी सातवीत. मे महिना. आईने मला कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर काढायला बसवलेलं. तो थर तुम्हाला काय सांगायचा! लिंबू घासलं की सुटतो. तेव्हा कूलरला खसाच्या ताट्या असायच्या. आता ती पोळ्यासारखी पॅडं आलीत, त्यांना कसला आलाय वास? ज्याने ओल्या खसाचा वास घेतला नाही, त्याने नागपूरचा उन्हाळा नुसता सोसला, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. जाळी झाली, अर्धं लिंबू उरलं, आणि माझी नजर आजीच्या मळकट दगडावर गेली. पिळलं त्यावर. तर दगड फसफसायला लागला!

आजी माळ टाकून धावत आली. "काय करून राहिली वं पोरी?" मग तिने तो फेस पाहिला. "बाप्पा! हे तं जित्तं हाय!"

पुढच्या अर्ध्या तासात दगड तांब्याच्या घंगाळात, मिठाच्या पाण्यात, वर हळदकुंकू. संध्याकाळपर्यंत अख्खा वाडा दर्शनाला. लिंबाचं मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी माडीवरच्या बिऱ्हाडातले जीवशास्त्राचे मास्तर भिंग घेऊन उतरले. त्यांनी दगड उजेडात धरला आणि मला बोलावलं. सगळ्या दगडभर बारीक चांदण्या कोरलेल्या! एकेक चांदणी म्हणजे एकेक खोली, आत मधल्या बिंदूकडे जाणारे उभे पडदे. मास्तर म्हणाले, या जातकुळीत पडदे साधारण सहाच्या पटीत असतात. "आजी, ह्या एकेका खोलीत एक प्राणी राहायचा. मऊ, पिशवीसारखा. तोंडाभोवती हातांची झालर. खायला आणि टाकायला तोंड एकच. हे घर त्याने पाण्यातला चुना घेऊन स्वतः बांधलंय. लिंबाने फसफसला तो हाच चुना."

झालं. माझं लिंबू उघडं पडलं. पण आजी माझ्यावर चिडली नाही, ती खोल्या मोजत होती.

"इतकी बिऱ्हाडं?"

"शेकडो."

"अन् भांडण?"

मास्तर हसले. या सगळ्यांची कातडी एकमेकांना जोडलेली असते, एकाने खाल्लेलं शेजाऱ्यालाही पोचतं, भांडण कसलं? तेव्हा आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि नळ एक. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी हाडं ठेवली देवापाशी?" आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. पाट हलला, दगड शोकेसमध्ये गेला.

मास्तरांनी एक सांगायचं ठेवलं, ते मला पुढे कॉलेजात कळलं. एका वसाहतीत भांडण नसतं हे खरं, पण शेजारी परकी वसाहत वाढली की हेच प्राणी पोटातले धागे बाहेर काढून शेजाऱ्याला जिवंत पचवतात. आजीला हे सांगायचं राहून गेलं.

आता थोडक्यात तब्येतीबद्दल, वेळ कमी उरलाय. या प्राण्याच्या पोटाच्या अस्तरात सूक्ष्म शैवाल राहतं. पोटभाडेकरू हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो! शैवाल उन्हावर साखर करतं आणि भाडं म्हणून बरीचशी घरमालकाला देतं. कित्येक प्रवाळांचं ९० टक्क्यांपर्यंत पोट त्यावर भरतं. रात्री हात पसरून बारीक जीव पकडायचे, ते वरकड. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच.

पण पाणी तापलं की शैवालाचा कारभार बिघडतो, साखरेऐवजी प्राणवायूची विषारी रूपं तयार होतात, आणि प्राणी शैवालाला बाहेर काढतो. किती तापायला हवं? नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाहून एक अंश जास्त, महिनाभर. एक अंश! आपल्याकडे ४४ चे ४५ झाले तर आपण फक्त रुमाल घट्ट बांधतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली.

इथे नीट ऐका. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. कातडी काचेसारखी नितळ होते, आतला चुन्याचा सांगाडा दिसतो, एवढंच. ते उपाशी असतं, जिवंत असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परततं, रंग परततो. नाही निवलं, तर ते मरतं आणि सांगाड्यावर शेवाळाची गोधडी चढते. आजीच्या दगडासारखी गोल वसाहत वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, त्यामुळे गेलेलं भरून यायला फार वर्षं लागतात.

आणि हो, अंगठीतलं पोवळं वेगळं बरं का. इतवारीच्या सराफ्यात मंगळासाठी घेता, त्या लाल प्रवाळाचा सांगाडाच मुळात लाल असतो, आणि ते प्रवाळबेटं बांधत नाही. मंगळाचं काय ते ज्योतिष्यांना विचारा, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

आजीचा दगड आता माझ्याकडे आहे. भिंगातून पाहिलं की सगळीकडे चांदण्या दिसतात, फक्त एका कडेला, रुपयाएवढ्या जागेत, काहीच नाही, गुळगुळीत. लिंबू तिथे पडलं होतं. नमस्कार.