दोन काट्यांवर नजर ठेवा: अडखळणारी पिकअप आणि नाहक उतरवलेला गियरबॉक्स

नमस्कार, श्रोतेहो.

हौदा भरलेला आहे, समोर चढ आहे. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि काहीच होत नाही. क्षणभर गाडी नुसती गुरगुरते, मग एकदम झटका देऊन सुटते. असं झालं की पिकअप चालवणारा माणूस म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ आणि शेजारचा लगेच म्हणतो, ‘गियरबॉक्स गेला असेल.’

पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं पुष्कळदा नुसता अंदाज असतो, आणि त्या अंदाजावर गियरबॉक्स खाली उतरवला जातो. तो उतरवण्याआधी काय काय बघता येतं, ते आज सांगतो.

सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचे दोन काटे बघा. एक इंजिनच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, आणि दुसरा वेगाचा. गाडी अडखळते त्या क्षणी हे दोघे काय करतात, यावर निम्मं निदान होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही दोन्ही काटे जागचे हलत नसतील, तर इंजिनच ताकद देत नाही. आरपीएमचा काटा वर पळतोय आणि वेगाचा मागेच राहतोय, तर इंजिनने दिलेली ताकद चाकांपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी घसरते आहे. मोबाइल गाडीत घट्ट बसवून दोन्ही काट्यांचं चित्रीकरण करा किंवा शेजारी कुणाला तरी बसवून बघायला सांगा. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी.

आता पहिला प्रकार, इंजिनचा. आजच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. पेडलजवळ सहसा दोन सेन्सर असतात आणि ते एकाच वेळी कॉम्प्युटरला सांगतात की पाय किती दाबला आहे. दोघांचं जुळलं तर कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, नाही जुळलं तर तो इंजिनची ताकद मुद्दाम आवरती घेतो. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याची माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, पी २१३८ हा कोड आला, तर दोन सेन्सरमधली हीच तफावत समजा. कोड नसला तरी एक तपासणी करता येते. इंजिन बंद ठेवा, किल्ली चालू करा, स्कॅनरवर पेडलचा आलेख लावा आणि पाय अगदी सावकाश दाबत न्या. रेघ सलग वर चढली पाहिजे. मध्येच खड्डा पडला, तर तो सेन्सर नाहीतर त्याची वायर संशयित.

पेट्रोल गाडीत पुढे येतो थ्रॉटल बॉडीचा नंबर, म्हणजे इंजिनमध्ये किती हवा जायची ते झडपेने ठरवणाऱ्या भागाचा. इंजिनमधून परत येणाऱ्या तेलकट वाफेची काजळी थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला साचते आणि थोडासा पाय दाबल्यावर जी हवा आत जायला हवी ती नीट जात नाही. साफ करताना किल्ली बंदच ठेवा. चालू असली तर मोटर झडप अचानक मिटवू शकते आणि बोट आत अडकतं. साफ केल्यावर काही गाड्यांना बंद झडपेची नवी जागा स्कॅनरने शिकवावी लागते. ते केलं नाही, तर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना, गाडी वर-खाली होते आणि लोक म्हणतात साफसफाईनेच बिघडली.

एअर फिल्टरनंतर बसवलेला हवा मोजणारा सेन्सरही असाच गुपचूप त्रास देणारा. आतल्या तापलेल्या बारीक तारेवर धूळ बसली की तो हवा कमी दाखवतो. पेट्रोल इंजिनला साधारण १४.७ किलो हवेमागे एक किलो पेट्रोल लागतं. हवाच कमी मोजली, तर पेट्रोलही कमी सोडलं जातं आणि पाय दाबताच गाडी अडखळते. या तारेला बोट, ब्रश, कापूस काहीही लावू नका. फक्त तिच्यासाठी मिळणारा स्प्रे मारा आणि पूर्ण वाळू द्या.

स्कॅनरवर आणखी एक आकडा बघायचाच, फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो सांगतो. उणे किंवा अधिक १० टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा चिंता नको. आयडलला आकडा खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठल्यातरी फुटक्या पाइपमधून जादा हवा आत जाते आहे. याच्या उलट, जोर लावताना आकडा वर चढत असेल, तर पेट्रोलच कमी पोचतंय, म्हणजे पंप आणि फिल्टर बघा. तो हवा मोजणारा सेन्सर मळला असला तरी असंच दिसतं, म्हणून पंप बदलण्याआधी दाबमापक लावून खात्री करा.

डिझेलमध्ये गोष्ट थोडी वेगळी. माझ्याकडे आलेली एक पिकअप मी विसरत नाही. क्लच प्लेट नवी, गियरबॉक्सचं ऑइल नवं, आणि तक्रार तीच. उभ्या गाडीत काहीच सापडेना. हौद्यात वजन टाकून चढावर नेली, तर दोन्ही काटे थिजलेले, मागून काळा धूर आणि बॉनेटखालून शूं असा आवाज. इंजिनमध्ये दाबाने हवा भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरला होता. टर्बोचा दाब वाढला की चीर उघडायची, दाब उतरला की मिटायची. त्या माणसाने क्लच प्लेटवर केलेला खर्च वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. डिझेल फिल्टर तुंबणं, त्यात पाणी साचणं, धुराचा काही भाग परत इंजिनमध्ये सोडणारी ईजीआरची झडप उघडी अडकणं, हेही याच रांगेतले.

आणि एक लक्षात घ्या. ऑटोमॅटिक गियरबॉक्स कोणता गियर कधी टाकायचा हे बऱ्याच अंशी इंजिनकडून आलेल्या माहितीवर ठरवतो. ती माहिती चुकली, तर धडधाकट गियरबॉक्सही वेळी-अवेळी गियर बदलतो. म्हणून आधी इंजिन निस्तरायचं. स्कॅनरवर पी ०७०० दिसला म्हणून घाबरू नका. तो एवढंच सांगतो की गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरने एक दोष नोंदवून ठेवला आहे. खरा कोड त्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन वाचावा लागतो.

आता दुसरा प्रकार, घसरण्याचा. ऑटोमॅटिकमध्ये पहिल्यांदा ऑइल. पातळी बघायची रीत कंपनीच्या पुस्तकात असते, तीच पाळा, कारण काही गाड्यांत ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच नसते आणि ठरलेल्या तापमानाला तळाचा बोल्ट उघडून बघावं लागतं. ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. तपकिरी-काळा रंग आणि करपट वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळत आहेत. न्यूट्रलमधून ड्राइव्हला टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करत असेल, तर ऑइल कमी आहे किंवा दाब बनत नाही.

सगळ्यात फसवी असते ती थरथर. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, एकाच वेगाने जाताना गाडी खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी वाटते आणि आरपीएमचा काटा बारीक हलतो. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागला की टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाच्या, आतला क्लच सुटतो. थरथर थांबली तर संशय त्या क्लचवर. पण इथे घाई नको. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर तेही क्लच सुटल्यावर कमी जाणवतं, कारण मधलं ऑइल धक्के गिळून टाकतं. म्हणून स्कॅनरवर मिसिंगची मोजणी शून्य आहे ना, हे बघूनच कन्व्हर्टरला हात घाला.

हाताने गियर टाकायच्या गाडीत काम सोपं. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गियरमध्ये, मध्यम वेगात पाय पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच येते, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग.

आणि सुटताना किंवा रिव्हर्सला टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर गियरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा. लांब पिकअपला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मधल्या बेअरिंगचं रबर सैल झालं की भरलेली गाडी सुटतानाच थडथडते. रिकाम्या गाडीत हे कित्येकदा कळतच नाही, म्हणून मेकॅनिकला शेजारी बसवा ते हौदा भरलेला असताना.

नमस्कार.