मास्कचा मधला पापुद्रा

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा एक सर्जिकल मास्क कात्रीने कडेकडेने उसवतो. बघून मागे द्या. बाहेरचा निळा थर, तोंडाकडचा पांढरा थर, आणि मध्ये हा टिश्यू पेपरसारखा पापुद्रा. बोटाला कसा बिलगतोय बघा! त्यात विजेचा भार साठवलेला आहे.

बेळगावच्या वडगाव-शहापुरात कापड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माग येतो. हे कापड मात्र विणलेलंच नाही. पॉलिप्रॉपिलीन हे खनिज तेलातून येणारं प्लास्टिक वितळवायचं, बारीक छिद्रांतून गरम हवेच्या झोतात उडवायचं. एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतू एकावर एक पडून हा पापुद्रा तयार होतो. तंतूंमधल्या फटी सूक्ष्म कणापेक्षा मोठ्याच असतात. भारामुळे कण तंतूकडे ओढला जातो आणि श्वासही कोंडत नाही. मास्क स्पिरिटने पुसला की भार उतरतो. दिसायला कापड तसंच, पण गाळणं ढासळलेलं.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या आमच्या शेताच्या कुंपणात कोरोनाच्या काळातला एक मास्क अडकलेला सापडला. नाकावरची तार गंजली होती. सोडवायला गेलो तर उन्हाकडची बाजू चिमटीत पिठासारखी सुटली. कुजला नव्हता तो, नुसता चुरा झाला होता. तो चुरा आम्ही भात लावतो त्याच मातीत गेला. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मग तेलाऐवजी काय? आपल्या जिल्ह्यात ऊस आहे. साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळतं, दह्याला आंबटपणा देणारं तेच. त्याच्या लांब साखळ्या जोडल्या की पीएलए नावाचं प्लास्टिक होतं आणि त्याचेही तंतू असेच उडवता येतात. पण दमट हवेत त्याचा भार लवकर उतरतो, आणि आपला श्वास तर दमटच. शिवाय ‘कुजणारा’ असा शिक्का बघून परसातल्या खड्ड्यात टाकाल तर तो कितीतरी काळ तसाच राहील. त्याला ५८ अंशांच्या आसपास ऊब धरून ठेवणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. उसाच्या चिपाडातलं सेल्युलोज, म्हणजे कागद ज्याचा बनतो तो वनस्पतीचा धागा, वितळतच नाही, त्यामुळे त्याची वाट वेगळी, लगद्याची.

ऑपरेशन थिएटरमधल्या मास्कच्या मधल्या थराला इतक्यात हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं रुग्णाचं पोट उघडं असतं. बाहेरचे दोन थर मात्र आजही पीएलएचे करता येतील, आणि मास्कचं बरंचसं वजन त्यांचंच. दवाखान्यातला मास्क २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातो. तिथं तो कुजतो का, हा प्रश्नच गैरलागू. जळणारा कार्बन उसाचा की तेलाचा, एवढंच तिथं बघायचं.

मागे अभियांत्रिकीची मुलं उभी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पीएलएचा असा थर करा की ज्याचा भार एक अख्खी शिफ्ट टिकेल. आणि तो मोजाल तेव्हा एसीच्या कोरड्या खोलीत मोजू नका, बेळगावच्या जुलैतल्या हवेत मोजा.