लिस्बनच्या आळ्यांमधून

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला लिस्बनला घेऊन जायचं आहे. पोर्तुगालची राजधानी, तेजो नदीच्या मुखाजवळ, टेकड्यांच्या अंगाखांद्यावर वसलेली. गोवेकर श्रोत्यांना हे नाव घरातलंच. वसई-रेवदंड्याकडच्या श्रोत्यांनाही ते परकं वाटायला नको, कारण तिथल्या पोर्तुगीज किल्ल्यांचं भलंबुरं शेवटी याच शहरात ठरायचं. तिथे जाणारे पुष्कळसे लोक पिवळ्या ट्रामचा फोटो काढतात, नदीकाठी फिरतात आणि परततात. माझं सांगणं एवढंच आहे, की लिस्बनच्या जुन्या वस्त्या एक तारीख मनात धरून पाहाव्यात. १ नोव्हेंबर १७५५. मग कुठली गल्ली वाकडी का आणि कुठला रस्ता सरळ का, ते शहर आपणहून सांगायला लागतं.

त्या दिवशी शनिवार होता, आणि सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ-पावणेदहा झालेले. चर्चं माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या लावलेल्या. अशात धरणीकंप झाला आणि काही मिनिटं हादरे बसतच राहिले. घरं कोसळायला लागली तसे लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले. थोड्या वेळाने समुद्र नदीच्या मुखातून आत घुसला आणि काठावर जमलेल्यांना घेऊन गेला. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या, त्या पाच-सहा दिवस विझल्या नाहीत. नदीकाठचा राजवाडा गेला. राजाचं ग्रंथालय गेलं. जेमतेम सात महिन्यांपूर्वी उघडलेलं ऑपेरागृह गेलं. आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार जिथून चाले त्या ‘काझा द इंडिया’चं दप्तर गेलं. गोव्याहून, मलबारहून निघालेल्या गलबतांच्या नोंदी त्यात होत्या. म्हणजे त्या आगीत आपल्याही इतिहासाची काही पानं जळाली. मला या एका गोष्टीची हळहळ राजवाड्यापेक्षा जास्त वाटते.

ज्या सखल भागाची ही राखरांगोळी झाली, तो भाग म्हणजे बायशा. आपण चालायला सुरुवात इथूनच करू. नदीकडे उघडणारा विशाल चौक, तीन बाजूंना कमानींच्या पिवळ्या इमारती, मधोमध घोड्यावर बसलेला राजा जोझे पहिला. नकाशावर या जागेचं नाव ‘व्यापाराचा चौक’ असं आहे, पण लिस्बनकर अजून तिला राजवाड्याचं अंगण म्हणतात. वाडा जाऊन अडीचशेहून अधिक वर्षं लोटली तरी. घोड्यावरचा हा राजा धरणीकंपाच्या वेळी शहराच्या पश्चिमेला, बेलेंला होता म्हणून वाचला. मात्र त्याने असा धसका घेतला की पुन्हा दगडी घरात राहायला तो तयार होईना. आजुडाच्या टेकडीवर लाकडी वाडा बांधून तो तिथेच राहिला.

कामाचा भार उचलला त्याच्या प्रधानाने. इतिहास त्याला मार्केस द पोंबाल म्हणून ओळखतो. माणूस कठोर, विरोधकांना चिरडून टाकणारा. पण शहर उभं कसं करायचं ते त्याला कळत होतं. मानुएल द माइया हा पंचाहत्तरी ओलांडलेला लष्करी इंजिनियर त्याने कामाला लावला. जुन्या गल्ल्या होत्या तशा पुन्हा बांधायच्या, की सगळं सपाट करून नवं शहर आखायचं, असे वेगवेगळे पर्याय माइयाने कागदावर मांडले. निवड झाली सपाट करण्याची. म्हणून आज बायशात उभे राहिलात की रस्ते दोरी लावल्यासारखे सरळ दिसतात आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा, अशी धंद्यांवरून पडलेली नावं अजून कोपऱ्याकोपऱ्यावर वाचायला मिळतात.

बायशाची खरी करामत मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती भिंतींच्या आत आहे. प्रत्येक घराच्या भिंतीत लाकडाचा एक सांगाडा आहे, उभे, आडवे आणि तिरपे वासे एकमेकांत अडकवलेला. पोर्तुगीज लोक त्याला पिंजरा म्हणतात. हादरा बसला तर दगड-चुना गळून पडेल, पण सांगाडा लवचीक असल्यामुळे उभा राहील आणि माणसं वाचतील, असा हिशेब. नमुन्याचा सांगाडा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जड भिंतींखालीच माणसं दडपली गेली, हे आठवलं की अठराव्या शतकातल्या या सुतारकामाचं मोल समजतं. बायशाची जमीन ओढ्याच्या गाळाची, पाणथळ. म्हणून पायाखाली पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकले आहेत. एका बँकेच्या तळघरात ते आजही पाहायला मिळतात, आणि त्याच तळघरात रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्याही आहेत. पोंबालने आणखी एक गोष्ट केली. देशातल्या सगळ्या धर्मग्रामांना त्याने प्रश्नावली पाठवली. हादरा किती वेळ टिकला, किती माणसं गेली, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या का? देवाचा कोप म्हणून गप्प बसायच्या काळात हे प्रश्न विचारले गेले. भूकंपाच्या शास्त्राचा इतिहास सांगताना या कागदांचं नाव आजही घेतात.

आता नदीच्या काठाकाठाने पूर्वेला चला. काही मिनिटांत एक विलक्षण घर लागतं. त्याच्या दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड ओळीने बसवलेले आहेत. नाव ‘काझा दुश बिकुश’. हे घर १५२३ च्या सुमारास बांधलं ब्राश द आल्बुकर्क याने. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेणाऱ्या अफोंसु द आल्बुकर्कचा हा मुलगा. बापाचा शेवट गोव्याच्या बंदरात जहाजावर झाला आणि मुलाने तेजोकाठी हे घर उभारलं. धरणीकंपात याचे वरचे मजले कोसळले. ते पुन्हा बांधले गेले १९८० च्या दशकात. आता तिथे नोबेल मिळवणारे लेखक जोझे सारामागु यांच्या नावाची संस्था आहे, आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे.

या घराच्या मागे चढ सुरू होतो, तो आल्फामाचा. इथे सरळ रस्ता नावालाही नाही. पायऱ्या, बोळ, बोळातून पुन्हा पायऱ्या, मधेच एखादं अंगण, त्यात कारंजं. किल्ल्याच्या टेकडीचा हा उतार खडकाचा आहे, म्हणून बायशाचा गाळ खचला तसा तो खचला नाही. पडझड इथेही झाली, पण वस्तीची जुनी वीण राहिली. हा गुंता मूर लोकांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुसलमानांच्या अमलातला. ११४७ मध्ये अफोंसु हेन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने धर्मयुद्धाला निघालेल्या परदेशी सैनिकांच्या मदतीने लिस्बन घेतलं, त्याच्याही आधीपासूनचा. नकाशा घेऊन आल्फामात शिरू नका. चुकलात तर वर चढत राहा, किल्ला येतो. खाली उतरत राहा, नदी येते.

आल्फामाच्या पायथ्याशी, शहराच्या मुख्य चर्चला लागून एक छोटं चर्च आहे. ते संत अँथनीचं जन्मस्थान. जग त्याला पादुआचा म्हणतं, पण लिस्बनकर ते मुळीच मान्य करत नाहीत, तो त्यांचा. गोव्यात शिवोलीची इगर्ज, म्हणजे चर्च, याच सांत आंतोनची. १३ जून हा त्याचा दिवस, आणि १२ जूनच्या रात्री आल्फामात पाय ठेवायला जागा नसते. गल्लीगल्लीत शेगड्या मांडून सार्डिन मासे भाजतात. तारल्यांचा वास ओळखणाऱ्या कोकणी माणसाला ती रात्र परकी वाटणार नाही. त्याच दिवसांत जिकडेतिकडे कुंड्या विकायला येतात, त्यात बारीक पानांचं झुडूप असतं, आपल्या तुळशीच्या कुळातलं. कुंडीत कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. वास घ्यायचा तो झुडपाला नाक लावून नव्हे, पानांवरून तळहात फिरवून मग तळहाताचा घ्यायचा.

किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला मोरारिया. लिस्बन जिंकल्यावर हरलेल्या मुसलमानांना राहायला जी जागा दिली, ती ही. तटाबाहेरची, सावलीतली. पुढे खलाशी, हमाल, कष्टकरी इथे राहिले, आणि फादो या गाण्याची मुळं लोक इथेच शोधतात. मारिया सेव्हेरा ही गायिका इथल्या एका गल्लीत राहायची. १८४६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती गेली. फादो गाणाऱ्या बायका आजही तिची आठवण म्हणून खांद्यावर काळी शाल घेतात. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

आजची मोरारिया पाहाल तर रुआ दु बेनफोर्मोझु या रस्त्यावर बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय दुकानांची रांग दिसेल. भेंडी आहे, मसाले आहेत, मोबाइल दुरुस्ती आहे. मला लिस्बनमधला हा रस्ता फार आवडतो, कारण परक्यांसाठी राखलेली ही जागा इतक्या शतकांनंतरही परक्यांना थारा देते आहे. आंतोनियु कोश्ता हे लिस्बनचे महापौर असताना, २०११ मध्ये, त्यांनी आपलं कार्यालय मुद्दाम याच बाजूला, इंतेंदेंतच्या चौकात हलवलं. त्या वेळी हा भाग बदनाम होता. कोश्तांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. पुढे ते पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. लिस्बनच्या साध्यासुध्या कॅफेत काउंटरवर ‘शामुसा’ दिसतो, तो आपला सामोसाच. गोवा आणि मोझांबिककडून तो तिथे पोचला आणि पोर्तुगीजच होऊन गेला.

मोरारियाच्या एका बोळात भिंतींवरच म्हाताऱ्या रहिवाशांचे मोठे फोटो छापलेले आहेत. ते पाहताना एक प्रश्न सुटत नाही: यांच्यातले किती जण अजून इथे राहतात? घरमालकांना पर्यटक परवडतात, जुने भाडेकरू परवडत नाहीत. २०१८ मध्ये पालिकेने आल्फामा, मोरारिया या भागांत पर्यटकांसाठीच्या घरांचे नवे परवाने थांबवले, पण तोवर बरीच दारं बंद झाली होती. आपण जाणारे लोकही या गर्दीचाच भाग आहोत. म्हणून निदान एवढं करावं, की रात्री बोळात मोठ्याने बोलू नये, उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नये, आणि कोपऱ्यावरच्या एखाद्या खानावळीत बसून जेवावं.

खाली उतरलं की सांव दोमिंगुशचं चर्च. आत जा. धरणीकंपात ते पडलं, पुन्हा बांधलं, १९५९ मध्ये जळलं. आगीने तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. इथूनच १५०६ मध्ये ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली, त्याचं स्मारक २००८ पासून बाहेर उभं आहे. शेजारच्या रोसियु चौकात आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे धर्मसमीक्षण न्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा होता. त्याच व्यवस्थेची शाखा १५६० मध्ये गोव्यात आली आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिली. गोव्यातल्या लोकांनी काय सोसलं ते ज्यांनी घरात ऐकलं आहे, त्यांनी या चौकात थोडं थांबावं.

समोरच्या टेकडीवर कार्मुचं चर्च. १३८९ मध्ये सुरू झालेलं. १७५५ ला छप्पर कोसळलं, दुरुस्तीचं काम मधेच थांबलं, आणि नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या राहिल्या. दोनशे एकोणीस वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ ला, याच चर्चला लागून असलेल्या राष्ट्रीय गार्डच्या ठाण्यात हुकूमशहा मार्सेलु कायतानु लपून बसला होता. बंड करून उठलेल्या कॅप्टन साल्गैरु माइयाच्या चिलखती गाड्यांनी चौक वेढला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली, आणि संध्याकाळी कायतानुने सत्ता सोडली.

या चौकातून उतरून काइश दु सोद्रे स्टेशनवर या. नदीकाठाने जाणारी लोकल मिळेल. पहिली मोठी गर्दी बेलेंला उतरते. तिथे वास्को द गामाची कबर आहे, आणि १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने आलेल्या गेंड्याचं दगडी डोकं बेलेंच्या बुरुजावर कोरलेलं आहे. ते जरूर पाहा. पण गाडीत परत बसा आणि काशियश स्टेशनपर्यंत जा. तिथल्या किल्ल्यात राजकीय कैदी ठेवत. सांगलीचे मोहन रानडे त्यांच्यातले एक. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालने त्यांना सोडलं नाही. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी जिवाचं रान केलं, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. कार्मुच्या चौकात जे घडलं, त्यानंतर दोनच दिवसांत काशियशचे उरलेले राजबंदीही सुटले. आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७४ ला, गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने करार करून मान्य केलं. किल्ल्यात आजही तुरुंग आहे, आत जाता येत नाही. स्टेशनवरून चढ चढून बाहेरून मात्र पाहता येतो.

नमस्कार.